निळा, नारिंगी, हिरवा

कंपनीचं पत्र आलं आहे. कंपनी म्हणजे माझंच जुनं खातं,
जिथे एकतीस वर्षं मी खड्ड्यात बसून नोकरी केली.
तांब्याची लाइन यापुढे दुरुस्त होणार नाही.
फोन इंटरनेटवरून येईल. नंबर तोच.
महिनाअखेर कळवावे.

महिनाअखेरीला नऊ दिवस आहेत.
इंदुमती म्हणते, नऊ कसले, आत्ता सही करा.
मागच्या गुरुवारी कोल्हापूरहून ताई बोलत होती,
अर्ध्या वाक्यात खरखरीत बुडाली,
अजून मला कळलेलं नाही कोणाचं लग्न मोडलं.

तिचं खरं आहे.
पाणी टाकीपाशी रस्ता तीनदा खणला,
तिथला एक जोड ओला आहे. कोणता, ते मला कानानं कळतं.
मीच केला होता तो, शहाण्णवच्या मे महिन्यात,
डोक्यावर ओलं फडकं, शेजारी लारीवरची सेव-उसळ गार होत चाललेली,
आठशे जोड्या, एकेक पिळून.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी.
झोपेतही क्रम चुकला नसता.
मुलीला रंग शिकवले तेही ह्याच क्रमानं,
बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं:
खानविलकर, हिला राखाडी येतो.
लाल कधी शिकवणार?

आणि मग तो पूर.
विश्वामित्री कारेलीबागेत शिरली, लाइट गेली,
मोबाइल एकेक करून मेले,
आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर हा बदामी डबा वाजत राहिला.
तांब्याची तार आपली वीज आपल्याबरोबर आणते,
एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून, अठ्ठेचाळीस व्होल्ट,
ओल्या बोटाला मुंगी चावल्यासारखी.
चार दिवस जिन्यात रांग.
पागेवहिनी, चोकसीभाई, तळमजल्यावरची मरियमबेन
भिजलेले कागद ओढणीत गुंडाळून.
सगळ्यांचं वाक्य एकच होतं, आम्ही वर आहोत.
चोकसीचा नातू म्हणाला, स्कूटर लावतो तिथे मगर आहे.
मला तरी ओंडकाच दिसला.

काल जागा बघायला मितेश राठवा आला.
चोवीस-पंचवीसचा, हेल्मेट कोपरात अडकवलेलं.
काका, नंबर तो एनो ए ज रहेशे.
ते पत्रात वाचलंय, म्हटलं. लाइट गेली तर?
तो लगेच बोलला नाही.
तेवढ्यावर मला तो आवडला.
तो बंध, काका. नानी बॅटरी आवे छे. चार कलाक.

चार तास.
मी मनात चार दिवस मोजत होतो.

इंदुमतीनं चहा टाकला, म्हणजे तिच्या बाजूनं ठरलंच होतं.
त्यानं नमुना दाखवायला केबलचं एक टोक सोललं.
आत केसाहून बारीक धागे,
माझ्या चष्म्याला तर रंगाचा नुसता भास.
बोटावर घेऊन तो पुटपुटत होता, स्वतःशीच,
ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, स्लेट.

मी उठून उभा राहिलो.
कोणी शिकवलं हे?
ट्रेनिंगमां, काका. केम, खोटुं छे?
नाही, म्हटलं. पुढे?
व्हाइट, रेड.
हो. लाल सातवा.
चहा ओतू गेला, इंदुमती काहीतरी बोलली,
आम्ही दोघं काळा, पिवळा, जांभळा करत शेवटाला पोचलो,
तर तो आणखी दोन म्हणाला, गुलाबी आणि एक पाण्यासारखा.
ते आमच्यात नव्हते.

फॉर्म भरला आहे.
बॅटरीच्या चौकटीत खूण केली आहे, कडेला लिहिलं आहे: मोठी मिळेल का?
ह्याचं उत्तर कोणी देणार नाही, खातं मला माहीत आहे.
सहीची जागा कोरी.

रात्री अडीचला रिसीव्हर कानाला लावून बसलो होतो.
टोन येतोय, मधूनच तो ओला जोड कण्हतो,
लाखभर माणसं बोलून गेलेली तार,
आणि खड्ड्यात कोणी उतरणार नाही.

कोणाला लावताय? इंदुमती दारात.
कोणाला नाही.
मग ठेवा खाली. ताईचा आला तर एंगेज लागेल.

अडीच वाजता?
तिच्याकडे नेम नाही, म्हणाली.

ठेवला.
आठ दिवस आहेत.