चुकल्याचा एक

गुरुवारी ड्युटी सुटली की मी फक्की मारायचो.
शेजारी शेजारी दोन फुटबॉलची मैदानं,
त्यांचे आठही कोपरे पोटात घेऊन
दोरी-खुंटीनं एक लांबुडकं अंडं काढायचं.
रास अल खैमाची ती कड,
जिथं खाणीचे डोंगर संध्याकाळी
भट्टीतून काढलेल्या विटेसारखे होतात.
क्लबचं नाव कॉर्मोरंट्स. म्हणजे आपले पाणकावळे.

परशुराम त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून पर्सी.
पांढरा कोट, पांढरी टोपी,
हातात दोन पांढरी निशाणं.
चिखलात लोळणाऱ्या छत्तीस जणांत
सगळ्यात स्वच्छ माणूस मी, गोलपंच.

मधल्या उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण,
दोन बोटं, दोन निशाणं.
बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे नेम चुकला,
तर एक.
चुकल्याचा एक!
आमच्या करमाळ्याच्या शाळेत
चुकल्याला छडी होती.

मार्चात सामना मस्कतवाल्यांशी.
त्यांची बस हद्दीवरूनच फिरली.
कोच लॅकलन मोबाईल कानाला लावून
गोल गोल चालत होता, माझ्या ओल्या फक्कीवरून.
सर, लाइन, मी म्हणालो.
त्यानं खाली पाहिलं. सॉरी, पर्सी.
त्या मोसमात मैदानावर बोललेलं
शेवटचं वाक्य ते.

मग कुणी पर्थच्या विमानात, कुणी तिकिटाच्या यादीत.
एकानं आपला कुत्रा खजिनदारीणबाईंकडे सोडला,
बाईंनी मला विचारलं,
मी म्हणालो, आमच्या कॅम्पात कुत्रा चालत नाही.
तिसऱ्या दिवशी कॅम्पच्या फाटकाला पिवळी पट्टी.
आता माणूसही चालत नव्हता.

पांढऱ्या पोशाखातले आले.
एकेकाच्या नाकात काडी.
मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो,
एक बोट वर होतंय की दोन.
शिबूला नेलं. खालच्या बंकवरचा, त्रिशूरचा,
चहात आलं किसून नाही, ठेचून टाकणारा.

रात्री झोप नाही.
दोन किलोमीटरवर कुणीच बंद न केलेले फवारे
साडेचारला सुरू होत असणार,
माझी रेघ थोडी थोडी धूत असणार.

खजिनदारीणबाईंनी तांदूळ, मसूर पाठवली.
पोत्यात चेंडूही होता. चुकून की मुद्दाम, ठाऊक नाही.
टेकबहादुरनं तो व्हरांड्यात टाकला,
अंडाकृतीच तो, कुठं उडेल त्याला तरी कुठं माहीत,
थेट संडासात.
दहा दिवसांत पहिल्यांदा मजला हसला.
हसताना खोकला आला की लगेच सगळे गप्प.

तेविसाव्या दिवशी शिबू आला.
अर्धा उरलेला, दाढी पांढरी,
हातात कंपनीचं पत्र: नोकरी नाही, तिकीट आहे.
सगळी बिल्डिंग कठड्याला लागली.
मी गादीखालून निशाणं काढली.
दोन्ही उचलली होती.
मग एक खाली ठेवलं,
आणि एकच हलवलं, जोरात, खांदा दुखेपर्यंत.
शिबूनं आमचे सामने पाहिलेले.
तो हसला, आणि त्यानंही एक बोट वर केलं.

ऑक्टोबरात चौतिसांपैकी अकरा उरले.
लॅकलन होता. कुत्राही होता, त्याच्याच घरी.
गुरुवारी मी दोरी काढली.
जुन्या चुन्यावर गवत गडद उगवलं होतं,
गेलं वर्ष हिरव्यात हिरवं.
दोरी तीच, खुंटी तीच,
पण नवी रेघ जुनीवर बसेना,
पूर्वेला हातभर बाहेर गेली.
पुसायची का? लॅकलन म्हणाला.
राहू दे, म्हणालो.

शुक्रवारी एक लाथ आखूड पडली
आणि चेंडू नेमका उतरला
दोन रेघांच्या मधे.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
नियमांच्या पुस्तकात त्या जागेला नाव नाही.
मी टोपी सारखी केली
आणि वाट पाहिली,
चेंडू कुठं उडतो त्याची.