कुणाकडून आलात?

भूदेवी कोंडा दुपारी दीडला आली
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या पत्र्याखाली,
जिथं खाली बावीस माग आणि वर मी
आणि एक कॉम्प्युटर, ज्याला धोट्याच्या प्रत्येक फेरीला
हुडहुडी भरते.

"माझ्या नणंदेनं वरंगळहून बारा टॉवेल घेतले.
लिंक मी पाठवली.
माझ्या नावावर शून्य का ओ?"

मी वही उघडली, म्हणजे पडद्यावरची.
बारा टॉवेल, काठावर मोर, पैसे जमा.
कुणाकडून, या रकान्यात
काहीच नाही.

सांगायचा प्रयत्न केला:
दारातून कुणी आत आलं की
आम्ही त्याच्या खिशात चिठ्ठी टाकतो, न विचारता,
'ही भूदेवीकडून आली'.
पैसे देताना तीच चिठ्ठी काढून वाचतो.
हल्ली माणसं खिसे शिवून येतात.

"शहाणी आहेत," ती म्हणाली.

मी गप्प.
माझाही खिसा दोन वर्षांपासून शिवलेला आहे.

"हजार विड्या मोजून देते मी.
चेकर त्यातल्या साठ-सत्तर बाजूला फेकतो, छाट म्हणून.
पैसे जातात, जाऊ देत.
पण छाट डोळ्यांना दिसते तरी.
तुझी छाट कुठं पडती?"

तिच्या पत्त्यामागं मी शेपूट लावलं.
प्रश्नचिन्ह, आणि त्याला बांधलेलं तिचं नाव.
लोकांनी पुढं पाठवताना शेपूट कापलं.
लेकीनं एका फोनवर बघितलं,
बापानं दुसऱ्यावर विकत घेतलं.

मग चोरून केलं.
कोण कुठल्या वाय-फायवरून, किती वाजता,
सगळं आमच्याच बाजूला टिपून ठेवलं, चिठ्ठीबिठ्ठी नाही.
आठवड्यानं ती परत आली,
हातात दहाच्या सात नोटा.
"हे अंबव्वाच्या गिऱ्हाइकाचे.
घरकुलात एका वाय-फायवर सात घरं हाईत,
तुला माहीत नाही?"

माहीत नव्हतं.
ते सगळं त्या रात्री पुसलं.
जरा हलकं वाटलं, खरं सांगतो.

चाटी गल्लीत मल्लेशम शेठचं दुकान होतं तेव्हा
गिऱ्हाईक पायरी चढलं की ते पाणी देत
आणि विचारत, कुणाकडून आलात?
टांगेवाल्याचा आणा बाजूला पडे.

एवढंच.
पैसे भरायच्या आधी एक रिकामी चौकट,
वर तोच प्रश्न.
प्रत्येकीनं आपला एक शब्द निवडायचा.

भूदेवीनं नाव नाही दिलं.
"चिगुरू," म्हणाली.
चिंचेची कोवळी पालवी, डाळीत घालतात,
तोंडातून निघाली की विसरत नाही कुणी.

लोक विसरले नाहीत. लिहिलं मात्र
चिगूर, चीगुरु, चिंगरू,
एकानं चक्क चिकू.
मी सगळ्यांना आत घेत गेलो,
नियमाला नियम जोडत.
चिकूवर अडलो थोडा, मग त्यालाही घेतलं.

काल मात्र सुरतेहून दोन चादरी गेल्या.
चौकटीत लिहिलं होतं:
'लग्नात भेटलेली बाई, सारखी बोटं मोडत होती,
टॉवेलबद्दल बोलली, नाव विचारायचं राहिलं'.

कोडला काही जुळलं नाही.
खाली माग थांबले होते, लाईट गेलेली,
इन्व्हर्टरवर तेवढा माझा पडदा.
मी कोड बाजूला सारून
त्या रकान्यात हातानं लिहिलं,
भूदेवी.

चूक असेल तर
नोटा घेऊन येईलच ती.