अकरावं घर

परभणीत, जिंतूर रोडला,
मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागं
पडद्यावर सोळा घरांची पट्टी.
पहिलं, चौथं, सातवं पेटतं, विझतं.
आवाज लिंबाजीमामाच्या हलगीचेच:
रद्दी पेटवून कातडं शेकलं,
मग एकेक ठोका टिपला,
मधे शेजारची गिरणी बंद पडेस्तोवर थांबून.

मामा स्टुलावरून वाकतो.
"अकरावं मोकळं कामून?"
तिथं तू वाजवत नाहीस, मामा.
"वाजवत न्हाई. टिपरू सरकवतो बोटात."

सरकवण्याचं बटण नाही.
खूप वेळानं
बारावा ठोका मिठाच्या चिमटीएवढा
मागं ओढला.

मामा बोलला नाही.
खिशातून टिपरू काढून
स्टुलाच्या कडेवर
तेरावा त्यानंच दिला.