पाऊणपट

आधी तीन पानांचा तक्ता होता:
वय, मुलगा की मुलगी, उंचीचा गट कुठला,
आणि डोळ्यांत मुंग्या आणणारे बारीक आकडे.
ग्रासिएतने तो घडी घालून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलाय.

"सोपं आहे," ती म्हणते.
"उंची सेंटिमीटरमध्ये. तिच्या पाऊणपट.
रक्तदाबाचा वरचा आकडा त्यापुढे गेला
तर मूल बाजूला बसवायचं. एवढंच."

साओ जॉर्ज बेट, कल्येताची शाळा.
खिडकीबाहेर धुकं इतकं
की समोरचं पिको बेट आज हजेरीला नाही.
मी उंचीच्या पट्टीपाशी, नावं वाचते.

दंडाला न बेतलेला पट्टा खोटं बोलतो,
मोठा असला तर गोड, आखूड असला तर घाबरवणारं.
म्हणून ग्रासिएत आधी दंड मापते,
शिंपीण बाहीचं माप घेते तशी.
मग पाच मिनिटं गप्प बसवते.
तेराव्या वर्षी पाच मिनिटं म्हणजे
वादळात अडकलेल्या बोटीची वाट.

तेल्मो. चीज कारखान्यातल्या आव्हिलांचा.
एकशे अठ्ठेचाळीस. पाऊणपट एकशे अकरा.
पट्टा फुगला, सुस्कारला.
एकशे चोवीस.
पुन्हा. एकशे एकोणीस.
पुन्हा. एकशे अठरा.

ग्रासिएतच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही.
हे तिचं खरं कसब, बाकीचं मीही शिकेन.
"नुसती शंका आहे," ती त्याला सांगते,
"पुढच्या गुरुवारी परत. त्यानंतरच्याही."
घरी काय खाता?
खारवलेला मासा. चीजच्या कडा, विकता न येणाऱ्या.
घरात कुणाला आहे?
"बाबा गोळी घेतात. आठवली तर."

तेल्मो गणितात वर्गात पहिला.
त्याने हिशेब उलटा मांडून पाहिला होता.
"म्हणजे मी," तो म्हणाला,
"दहा सेंटिमीटरने कमी पडतोय?"
कुणी हसलं नाही.

गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी आला.
भिंतीला पाठ लावून, हनुवटी वर,
श्वास रोखून उभा.
मी वाकून पाहिलं:
टाचा जमिनीपासून बोटभर वर.

"टेकव," ग्रासिएत म्हणाली, हळूच.
त्याने टेकवल्या.
एकशे अठ्ठेचाळीस.

बाहेर पिको दिसत होता, थेट माथ्यापर्यंत.
तेल्मो खुर्चीत बसला,
आणि न सांगता
पाच मिनिटं मोजू लागला.