कडं

पहाटे साडेपाचला नखात्यांच्या शेडमध्ये
मी पिल्लांच्या शेपट्या उचलते.
कापसाची काडी आत, हलकंसं गोल,
काडी बाटलीत, बाटली बर्फात,
वर पेनानं: डावं कुंपण, सात, दिवस पस्तीस.
नागपूरची बस नऊला. तोवर बर्फ टिकायला हवा.

फाट्यावरचा चहावाला म्हणतो, एवढं शिकून शेण वेचता.
डुकराच्याला शेण म्हणत नाहीत, मी म्हटलं.
मग काय म्हणतात, ते मात्र
त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगवलं नाही.

डाव्या कुंपणातली बारा पावडर खातात,
मक्याच्या भरड्यात कालवलेली, पिवळी, जिभेला कडू
(मी चाखली आहे, वहीत लिहिलेलं नाही).
उजव्या बारांना नुसता भरडा.
अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांना आईपासून तोडलं.
त्या रात्री चोवीस जण एका सुरात ओरडले
आणि पलीकडे दोघी डुकरिणी
सिमेंटवर थुंकी गाळत उभ्या राहिल्या.

चार दिवसांत उजवीकडची ढाळली. एक गेलं.
डावीकडची गुलगुलीत, वजनात किलोभर पुढं.
नखाते म्हणाले, झाला की तुमचा निकाल,
आता काड्या कशाला घालता?

कशाला, ते थाळीत दिसतं.
उजवीकडच्या पोटात हिंगणघाटचा सोमवार भरलेला:
दुधातून आलेले, आईच्या पायाखालच्या मातीतून आलेले,
दाटीवाटीनं बसलेले, एकमेकांना जागा न देणारे,
आणि त्या न देण्यातच पिल्लाची राखण.
डावीकडं निम्मी पालं उठून गेलेली.
एकानंच आपलं फडकं पसरत पसरत
पार वेशीपर्यंत आणलेलं.

त्याच्यावर मी औषधाची पांढरी टिकली ठेवते.
रात्रभर उबेत.
औषध चालत असेल तर सकाळी टिकलीभोवती
एक स्वच्छ कडं उमटतं,
जिथं काहीच उगवत नाही.
डाव्या कुंपणाच्या थाळीत कडं नव्हतं.
दाट, मळकट थर टिकलीला येऊन भिडलेला,
जसं तिथं कुणी काही ठेवलंच नव्हतं.

हे सगळं मी मोबाइलवर शेवंताबाई धोत्रेंना दाखवत होते,
कारण त्यांनी पदराची गाठ सोडली होती
आणि गाठीत चिमूटभर पिवळं होतं.

"पियूषले लागली हाय, बाई. तीन दिस झाले.
पिलं तं इच्यानं ठणठणीत रायते.
मंग म्या देल्ली, दोन डाव.
पयल्या डावानं थांबलं.
दुसऱ्या डावानं नाई थांबलं.
काहून नाई थांबलं वो?"

माझ्याजवळ उत्तर होतं.
सव्वीस शब्दांचं, परीक्षेत पाच गुणांचं.
त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग मनगटावरचं चांदीचं कडं
कोपराकडं सरकवलं, परत खाली आणलं.
"म्हंजे आता हे वयखते त्याले," त्या म्हणाल्या.
"चोर कुत्र्याले वयखते तसं."

पोरगं झोपडीच्या दारात बसलेलं.
डोळे आत गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली,
सोडली तरी तशीच उभी राहिली.
पाणी उकळेपर्यंत थांबलो नाही.
माठातलं घेतलं, साखर, मीठ,
नखात्यांची मोटारसायकल, मध्ये पियूष,
मागं शेवंताबाई त्याच्या तोंडाला चमचा लावत,
सोळा किलोमीटर, पुलाचं काम चालू.

सलाइन लागलं तेव्हा अकरा वाजले होते.
डॉक्टरांनी विचारलं, आधी काय दिलंय?
शेवंताबाईंनी माझ्याकडं पाहिलं.
मी पावडरचं नाव सांगितलं, पूर्ण, स्पेलिंगसकट.
डॉक्टरांनी लिहिताना एकदाच मान वर केली.

डबा शेडमध्येच राहिला होता, पत्र्याखाली.
चार वाजता उघडला तर
तेवीस बाटल्या कोमट पाण्यात तरंगत होत्या,
काहींवरची शाई सुटलेली.

सरांच्या तक्त्यात त्या ओळीवर आता रेघ आहे.
दिवस पस्तीस: नमुने नाहीत.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, बर्फ.