निगेटिव्ह

अण्णा कापायचे तेव्हा पंखा बंद असायचा.
लॉ कॉलेज रस्त्यावरची ती मागची खोली,
पांढरे सुती हातमोजे, सिमेंटचा अतिपिकल्या केळ्यासारखा वास
आणि दाराशी मी, आठ वर्षांची,
हात पाठीमागे. आत यायचं नाही.
प्रिंट बिघडली तर पुन्हा काढता येते.
निगेटिव्ह एकदाच कापतात.

काल त्यांना सांगत होते, डहाणूकर कॉलनीतल्या गॅलरीत,
शेंगा सोलता सोलता:
आमच्याकडेही निगेटिव्हच कापतात.
हाडाच्या पोकळीत एक कोवळी पेशी
स्वतःची मूळ प्रत कापते.
नक्कल नाही. मूळ.
दोन प्रथिनं असतात, जोडीनं बसतात,
रॅग एक, रॅग दोन.
"राग?" त्यांनी कानातलं यंत्र सारखं केलं.
नाही, अण्णा. काम थंड डोक्याचं आहे.

मधला लांबलचक तुकडा काढतात,
त्याचं कडं करून टाकून देतात,
उरलेली टोकं आणतात जवळ.
"कुठं कापायचं, कसं कळतं?"
कडेला खुणा असतात. एक बाराची, एक तेवीसची.
बाराशी तेवीसच. बाराशी बारा नाही चालत.
"एज नंबर," ते म्हणाले
आणि पहिल्यांदा सुपातून मान वर केली.

जोडाला थोडं जातंच, हे त्यांना सांगावं लागलं नाही.
खरवडल्याशिवाय सिमेंट धरत नाही.
इथंही अक्षरं झडतात,
वर एक एन्झाइम येऊन मनाला येतील ती चिकटवतं,
पटकथेत नसलेली.
"मग वाचता कसं येतं?"
तीनातले दोन जोड नाहीच येत.
दुसरी प्रत कापून बघतात. तीही फसली की
पेशी मरते.
ज्या तगतात त्यांचा प्रत्येकीचा जोड निराळा,
म्हणून अजून कुणालाच न आलेल्या तापालाही
ओळखणारी एखादी आधीच बसलेली असते आत.
बहुतेक.

अण्णा गप्प. मग, "एवढा कचरा!
आमचा स्टोअरकीपर मेला असता."

गुरुवारचं सांगायचं नव्हतं मला.
पाषाणला, नमुना चारशे सतरा,
तांबोळी, कोंढवा बुद्रुक, वय महिने चार.
रॅग एकमध्ये एक अक्षर चुकलेलं, दोन्ही प्रतींत.
रीळ अखंड.
इतकं स्वच्छ रीळ मी पाहिलं नव्हतं.
खाली डॉक्टरांच्या अक्षरात:
तोंडात बुरशी, वजन वाढत नाही.

"कात्रीच नाही त्याला?"
नाही.
"दुसऱ्याची चालते?"
सहा वर्षांची बहीण आहे. जुळली तर तिची मज्जा.
"मजा?"
मज्जा, अण्णा. हाडातली.

ते हसले नाहीत.
अंगठ्यावरचा जुना व्रण चोळत राहिले,
टरफलं गॅलरीभर उडत होती, तरी.
मग बहिणीचं नाव विचारलं.
सांगायचं नसतं ते.
सांगितलं.
"सुमैया," त्यांनी दोनदा म्हणून बघितलं,
डब्यावर लेबल लिहिण्याआधी
म्हणायचे तसं.