सतरा नंबर

मैनी हलामीने हात मागे घेतला.
"मले काहून टोचतंस? आदी तुले टोच."
ओट्यावरच्या बाया हसल्या. मीही हसलो
आणि सुई माझ्याच डाव्या अनामिकेत घातली.
थेंब कागदावर टेकवला, फुलू दिला
आठाण्याएवढा.
मग तिने बोट पुढे केलं.

कागद वाया जाऊ नये म्हणून
त्यावरही नंबर टाकला: सतरा.

कोसमटोल्यात तेव्हा अकरा पोरांना ताप.
गाव म्हणे, लालसू तुमरेटीने आणला.
लालसू, त्याची बायको, दोन साळ्या
मिरची तोडायला तेलंगणात गेले होते,
परतले ते पोतंभर मिरची आणि खोकला घेऊन.
त्यांच्या मडक्यातलं पाणी कुणी पिईना.
मी सांगायचो, हा ताप पाण्याने नाही, डासाने होतो.
"मंग डास कोनं आनला?"

कागद सुकवले, एकेका पाकिटात घातले,
सोबत ओल शोषणारी पुडी.
धानोऱ्याहून एसटीने, पुढे विमानाने
अशा शहरात, जिथे मी कधी जाणार नाही.
तिथल्या बाईंनी फोनवर समजावलं:
आम्ही प्रत्येक जंतूची चोवीस अक्षरं वाचतो.
जुळली, तर एका घरातले.

माझा आजा परधान.
किंगरी खांद्याला लावून
हलाम्यांच्या, तुमरेट्यांच्या पिढ्या म्हणायचा,
कोण सहा देवे, कोण सात,
कुणाची सोयरीक कुणाशी जमत नाही.
एक नाव चुकलं
की पुन्हा पहिल्यापासून.

बाई म्हणाल्या, यांची लग्नं डासाच्या पोटात लागतात.
मी विचारलं, एकाच देवातली पण?
त्यांना कळायला वेळ लागला.
तीही, म्हणाल्या. तुमच्याकडे बहुतेक तशीच.

वीस वर्षं मी काचा पाहतोय.
जांभळट अंगठी, बारीक खड्यासकट,
दिसली तर गोळ्या, नाही तर पुढची काच.
स्वतःची कधी लावली नाही.
ताप नव्हता.
ताप नसलेल्याचं रक्त कोण बघतो?

रिपोर्ट आला तेव्हा धान कापणीला आलं होतं.
नावं नाहीत, नंबर फक्त.
चार, सात, नऊ, अकरा, बारा:
एकच ओळ, अक्षर ना अक्षर.
लालसू पंचवीस. काही सापडलं नाही.
मैनी अठरा. काही सापडलं नाही.

सतरा त्या पाचांच्या खाली होता.

फोन केला. बाईंनीच विचारलं,
सतराचा वयाचा रकाना कोरा आहे, कोण आहे हा?
आहे एक, म्हटलं.
त्याने दिला, का त्याला मिळाला?
ते अक्षरांवरून नाही कळत, म्हणाल्या.
एवढंच, की एका घरातले.

मच्छरदाण्या मीच वाटल्या होत्या,
तीनशे बारा, अंगठे घेऊन.
आणि उशीर झाला की
त्यांच्याच ओट्यावर पडायचो,
पोरांच्या रांगेला लागून,
एक कमी पडते म्हणून
बिनामच्छरदाणीचा.

गोळ्या घेतल्या. तीन दिवस, मोजून,
रजिस्टरात माझं नाव माझ्याच अक्षरात.
चौथ्या दिवशी कोसमटोल्यात ओट्यावर उभा राहिलो.
पोरांचे नंबर सांगितले नाहीत.
म्हटलं, पंचवीस: लालसू. काही नाही.
सतरा: देवाजी सिडाम.
मध्येच जीभ अडली,
तर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

कोणी बोललं नाही.
कोंबडी पायाजवळून गेली.
लालसू मिरचीचं पोतं शिवत होता, शिवत राहिला.
मैनी तेवढी माझ्या बोटाकडे बघत म्हणाली,
"आदी तुले टोच, म्हनलं होतं न मी."